भरमा पाणक्याची तीनकानी घागर

भरमा मष्णू, मूळ गाव बेळगुंदी, हा इसम बेळगावातल्या एका मराठी शाळेत बावीस वर्षं पाणी भरत होता आणि बावीस वर्षं घाबरत होता. पगार त्याला फक्त पहिल्या कामाचा मिळायचा.

माझी आणि त्याची भिंतीला भिंत. मी एका वकिलाकडे कारकून, नाव हरिभाऊ. दिवसातून एकदा तरी कुणाची फिरकी घेतल्याशिवाय मला जेवण जात नाही, असं गल्लीतले लोक म्हणतात. म्हणोत. पण फिरकी घ्यायला समोर भरमासारखा शेजारी असेल तर माझ्या जागी तुम्ही तरी काय केलं असतं? हा माणूस विहिरीत पोहरा सोडताना दोर तुटेल म्हणून भ्यायचा, आणि नाही तुटला तर आज कसा काय तुटला नाही म्हणून भ्यायचा. खाकी कपडा दिसला की पलीकडच्या कडेनं चालायचा. पोस्टमन खाकीतच असतो, त्यामुळे त्याच्या घरची पत्रं आमच्याकडे यायची. एकदा मी म्हटलं, ‘भरमा, अरे तुझ्या सासऱ्याचं पत्र आहे.’ तर म्हणाला, ‘वाचून सांगा. आणि वाईट असलं तर सांगू नका.’

उंचापुरा, खांदे असे की दोन भरल्या घागरी घेऊन जिना चढावा, मिश्या राखलेल्या. आणि आवाज मात्र देवळात बोलल्यासारखा.

त्याची एक घागर होती. शाळेतल्या पोरांनी तिचं नाव ‘तीनकानी’ ठेवलं होतं, कारण तिला तीन कान होते. दोन बाजूंना दोन आडवे, उचलायला, आणि मागं एक उभा, ओतताना धरायला. आमच्याकडच्या घागरीला कान नसतातच, तिला काखेत किंवा डोकीवर चुंबळीवर घ्यायचं. ही तिसरीच तऱ्हा. धातू काशासारखा, पण काशाहून काळसर. बूड मात्र तांब्याचं, मागाहून बसवलेलं. उभ्या कानाच्या बुडाशी एका बाईचं तोंड होतं, दोन्ही बाजूंना पंखासारखं काहीतरी. भरमाची बायको गुणाबाई दर मंगळवारी त्या तोंडाला कुंकू लावायची. तिचं म्हणणं, ही सौंदत्तीची यल्लम्मा. पंख कशाला, तर ते पंख नव्हेत, पदर हाय वाऱ्यावरचा. आणि गळ्याभोवती दोन ओळी ठिपक्या-ठिपक्यांची नक्षी. तिच्याकडे आम्ही कुणी कधी धड बघितलंही नव्हतं.

गुणाबाई ती घागर रोज चिंच आणि राख लावून घासायची. आतून, बाहेरून. घागरीचं तोंड रुंद, हात कोपरापर्यंत आत जायचा. अलीकडे मात्र ती बाहेर ओट्यावर बसून घासायची तेव्हा घागरीकडे बघत नसे. समोर कुठंतरी बघायची आणि हात आपले चालायचे. कारण बघून उपयोग नव्हता. दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता. चुलीतला जाळ तिला दिसायचा, भाकरी दिसायची नाही. दोनदा बोटं भाजली. भरमानं तिला एकदा मिरजेला नेऊन आणलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, काढता येईल, पण दसऱ्याच्या आत आणा. त्याच्यापुढं गेलात तर आमच्या हातात नाही. महिनाभर तिथं राहायचं, माणूस बरोबर पाहिजे, शाळेचा पगार तेवढे दिवस बंद. भरमा घरी आला आणि त्या दिवसापासून तो जो गप्प झाला तो झालाच.

हे चौतीस सालच्या श्रावणातलं.

त्याच श्रावणात शाळेत एक पाहुणे आले. मेहेरहोमजी नावाचे पुण्याचे पारशी गृहस्थ. जुनी नाणी, जुनी भांडी जमवायची, विकायची, हा त्यांचा धंदाही आणि नादही. शाळेतले इतिहासाचे केशव मास्तर त्यांच्या ओळखीचे. मी तिथं नव्हतो, पण मास्तरांनी हा प्रसंग मला इतक्यांदा सांगितलाय की आता मला वाटतं मी तिथंच होतो.

भरमानं पाहुण्यांना पेल्यात पाणी ओतून दिलं. पाहुण्यांनी पेला तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. भरमा घागरीत डोकावला. पाण्यात काय निघालं? पाहुण्यांनी पेला खाली ठेवला, टोपी काढली, आणि चक्क फरशीवर गुडघे टेकून घागरीपुढं बसले.

‘मास्तर,’ ते म्हणाले, ‘आ माणूस पोरांना कशात पाणी पाजते, माहीत छे तुमाला?’

‘घागरीत,’ मास्तर म्हणाले.

‘घागरीत! आ घागर ग्रीस मुलुकची छे. यवन लोकांची. दोन हजार वरसची, जास्तीच असेल.’

पूर्वी गलबतांतून तिकडचा माल कोकणच्या बंदरांत यायचा, तिथून घाट चढून वर, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग खिशातून भिंग काढलं. गळ्यावरची ती ठिपक्यांची नक्षी म्हणजे नक्षी नव्हे, अक्षरं. त्यांनी पातळ कागद गळ्यावर दाबून धरला, वरून पेन्सिल घासली, आणि दोन ओळी कागदावर उतरवून घेतल्या. त्यांच्या देशात शर्यत जिंकणाऱ्याला अशी घागर बक्षीस द्यायचे आणि कुठल्या शर्यतीची ते गळ्यावर लिहायचे, असा त्यांचा अंदाज. मास्तरांनी भरमाला सांगितलं, ‘आपल्याकडे मैदानात पैलवानाला कडं देतात ना, तसं.’

भरमा म्हणाला, ‘मग ज्याचं त्यानं मागितलं तर?’

‘तो मेला रे, दोन हजार वर्षं झाली.’

‘त्याची पोरंबाळं असत्याल की.’

पाहुण्यांनी भाव सांगितला तो असा की मिरज दोनदा होईल. पण एक गोष्ट त्यांनी बोटानं कागदावर टकटक करून सांगितली. ‘आ भाव अक्षरांचा. नुसती घागर असती तर मी इतका दिला नसता. पंधरा दिवसांनी, रविवारी येईन. तेवढ्यात मी हे वाचून घेतो. तू तिला सांभाळ.’

सांभाळ. भरमाला एवढंच सांगायला नको होतं.

त्या दिवशी दुपारी भरमा माझ्या पडवीत आला. बसला नाही. ‘हरिभाऊ, तुम्ही वकिलाकडं असता. एक इचारू?’

‘विचार. फी एक पान.’

‘घागर आमची न्हवं.’

मी पानावर कात टाकत होतो, तो हात थांबला. मग त्यानं जे कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं. सगळ्यांना माहीत होतं की घागर त्याच्या बापानं, मष्णूनं, गोकाकच्या बाजारातून आणली. ते खोटं. मष्णूला ती बेळगुंदीच्या रानात बांध घालताना सापडली होती. हिरवीगार, बूड गळालेलं. त्यानं कुणाला कळू दिलं नाही, तांबटाकडून बूड बसवून घेतलं, आणि मरताना भरमाला सांगितलं, कुठं बोलू नको.

‘आता इकायची म्हणजे कागदावर सही आली,’ भरमा म्हणाला. ‘कुठनं आणली म्हणून इचारतील. काय हुईल?’

आता इथं मी सरळ सांगायला पाहिजे होतं की मला माहीत नाही. पण त्याचं तोंड असं झालं होतं, आणि माझी जीभ अशी आहे! मी तोंड लांब केलं. आमचे वकीलसाहेब अशील हरणार हे कळल्यावर करतात तसं.

‘भरमा, हे लई वाईट झालं. जमिनीत सापडलेलं ते सरकारचं. कलम आहे त्याला.’

‘सजा?’

‘असते.’

‘किती?’

‘ती भांड्याच्या वयावर असते,’ मी म्हटलं. ‘शंभर वर्षांचं भांडं असलं तर सहा महिने. दोन हजारांचं म्हणजे…’ आणि मी बोटं मोडायला लागलो. माझी दहाही बोटं संपली, मी पायाची धरली. तोवर भरमा गेला होता. पान तसंच राहिलं.

मी पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी ही गंमत कचेरीत वकीलसाहेबांना सांगितली. ते हसले नाहीत. ते म्हणाले, ‘हरिभाऊ, कलम खरंच आहे. सापडलेलं कलेक्टरला कळवलं तर काही होत नाही, सरकार घेईल तर मोल देऊन घेईल, नाहीतर परत देईल. पण लपवलं तर मात्र गुन्हा आहे. त्याला सांगा, साधा अर्ज करायला पाहिजे.’

सांगायचं होतं मला. त्याच दिवशी सांगायचं होतं. पण घरी आलो तर भरमा घागर कांबळ्यात गुंडाळून माझ्याच न्हाणीघरात बंबामागं लपवत होता आणि आमच्या मंडळींना सांगत होता, ‘आक्का, कोण इचारलं तर बाळाचा पाळणा हाय म्हणा.’ आमच्या घरी धाकटा मुलगा मॅट्रिकला. तो पाळणा ऐकून मला पुन्हा हसू आलं आणि मी म्हटलं, उद्या सांगू.

उद्या घागर तांदळाच्या कणगीत होती. परवा जळणाच्या मोळीत. शाळेला तो आता साध्या कळशीनं पाणी भरायला लागला, मुलांनी ‘तीनकानी कुठाय?’ म्हणून गिल्ला केला, तर हा म्हणाला, माहेरी गेलीय. शाळेतून घरी यायचा नेहमीचा रस्ता पोलीस चौकीवरून होता, तो त्यानं सोडला आणि सगळा बाजार वळसा घालून यायला लागला. जेवण तुटलं. गालफडं बसली. एका दुपारी गुणाबाई भिंतीला हात लावत लावत आमच्या दारात आली.

‘हरिभाऊ, ह्यास्नी काय झालंय वो? रोज घागर हलवूलालेत. मला घासायलाबी देत न्हाईत. तुम्हास्नी काय बोल्लेत?’

‘नाही वहिनी.’

‘घागर जाऊ दे. माझं डोळं गेलं तर गेलं, म्हणून सांगा त्यास्नी. माणूस जागेवर पाहिजे.’

ती माझ्या डाव्या बाजूच्या खांबाकडे बघून बोलत होती. मी तिथं नव्हतोच. मला वाटतं माझं हसू त्या वेळी पहिल्यांदा आटलं. पण तरी भरमाला गाठून मी सांगितलं नाही, कारण आता सांगायचं म्हणजे आधी मस्करी केली हे कबूल करायचं. मस्करी करणाऱ्याला ते फार जड जातं.

रविवारला दोन दिवस राहिले होते. शुक्रवारी दुपारी भरमा परत आला तो ओळखू येईना. मान ताठ. खांद्यावर कांबळ्याचं गाठोडं. पानसुद्धा खाल्लेलं.

‘कुठं गेलतास रे?’

‘शापूरला.’

शहापूर म्हणजे आमच्या बेळगावला लागूनच, पण राज्य सांगलीकरांचं. मधे ना भिंत ना नदी. बेळगावात इंग्रज सरकार, चार गल्ल्या ओलांडल्या की संस्थान. भरमाचा हिशेब असा की जे करायचं ते इंग्रजाच्या हद्दीबाहेर केलेलं बरं.

‘काय केलंस तिथं?’

त्यानं कांबळं सोडलं. ‘बगा की. आता कोण काय म्हणतंय बगू.’

घागरीच्या गळ्यावर, गोल फिरवून, चांगली बोटभर उंचीची अक्षरं ठोकलेली होती: भरमा मष्णू बेळगुंदी, यास सासरकडून, शके अठराशे तीस.

आता हे परगावच्या वाचकाला समजायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे भांडं कुणाचं हे भांड्यावरचं नाव सांगतं. पावती कुणी ठेवत नाही. लग्नकार्यात गल्लीभरची भांडी एका मांडवात येतात, आणि शेवटी भांडण लागलं तर भांडं उलटं करतात, नाव वाचतात, की संपलं. पाटीलसुद्धा त्याच्यापुढं बोलत नाही. तेव्हा भरमानं केलं ते काही खुळेपणाचं नव्हतं. बापानं रानातून आणली हे लपवायचं, तर सासऱ्यानं लग्नात दिली असं तिच्यावर लिहून टाकायचं. नाव आहे, साल आहे. कलेक्टर आला तरी वाचून परत जाईल.

मी हसलो. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. दोन हजार वर्षांची यवनांची घागर आणि तिला सासरकडून आलेली! आणि मग हसता हसता माझं लक्ष त्या ‘सासरकडून’ या शब्दाच्या खाली गेलं. तिथं धातू घासून गुळगुळीत केलेला होता. नवा चकचकीत पट्टा.

‘भरमा. ते जुने ठिपके कुठायत?’

‘ते व्हय? ते आण्णाप्पानं काढून टाकलं.’ हा आण्णाप्पा शहापुरात भांड्यांच्या दुकानाबाहेर छिन्नी-हातोडी घेऊन नावं घालायला बसायचा. ‘म्हणाला, आदी कुणाचं तरी नाव हाय, वाचता येत न्हाय, पर नावच हाय. जुनं भांडं घेतलं की जुनं नाव पुसूनच नवं घालायचं. दोन नावं राहिली तर दोन मालक. कानस लावून साफ केलं बगा. त्येचं वेगळं पैसं बी घेतलं न्हाईत त्यानं.’

तो माझ्याकडे बघत होता, मी शाबास म्हणेन म्हणून.

भाव अक्षरांचा. नुसती घागर असती तर इतका दिला नसता. हे त्या पाहुण्यानं भरमासमोरच सांगितलं होतं. पण भरमाच्या डोक्यात त्या दिवसापासून एकच गोष्ट बसली होती, आणि ती मी बसवली होती.

मी म्हटलं, ‘छान झालं.’ दुसरं काय म्हणणार? बिचारा पंधरा दिवसांनी पहिल्यांदा जेवायला बसला होता. भिंतीपलीकडून मला त्याचं ताट वाजलेलं ऐकू आलं आणि माझं माझ्यासमोर तसंच राहिलं.

केशव मास्तरांना जाऊन सांगितलं. ते ओसरीवर मटकन बसले. ‘हरिभाऊ, काय केलंत हे?’ म्हणाले. ते दोन दिवस मी भरमा झालो होतो. दारात चप्पल वाजली की दचकायचो. शनिवारच्या बाजारात एका बाईनं आपल्या शेजारणीला ‘मिरजेला’ म्हटलं, तर मी भाजी तिथंच ठेवून घरी आलो.

रविवारी सकाळच्या गाडीनं मेहेरहोमजी आले. टांग्यातून उतरले तेच हसत. मी, मास्तर, भरमा, सगळे भरमाच्या एका खणाच्या घरात. गुणाबाई चुलीशी. पाहुण्यांनी खिशातून कागद काढला आणि हलवून दाखवला. ‘वाचून घेतला! मी बोललो होतो ना? शर्यतीचंच बक्षीस. देवीच्या जत्रेतल्या शर्यतीचं. आण, आण घागर इथं.’

‘देवीच्या जत्रंतलं,’ गुणाबाई चुलीपासून म्हणाली. ‘मी सांगूलालतेच की.’

भरमानं घागर आणली. काल पुन्हा चिंच लावून लख्ख केली होती. दोन्ही हातांनी पाहुण्यांपुढं ठेवली आणि नावाची बाजू नीट त्यांच्याकडे वळवली.

मेहेरहोमजींनी वाचलं. त्यांना मराठी वाचता यायचं. त्यांनी एकदा वाचलं, घागर फिरवून पुन्हा वाचलं. मग अंगठा त्या गुळगुळीत पट्ट्यावरून फिरवला. तोंडातून मराठी गेलं, हे काय केलंस म्हणून गुजरातीतच विचारायला लागले. ‘अरे, आ सूं कीधूं? आ सूं कीधूं?’

‘आमचीच हाय, साहेब,’ भरमा म्हणाला. आवाज अजूनच देवळातला. ‘नाव हाय की.’

‘अक्षरं किधर गई? मारां अक्षर?’

पाहुण्यांनी भिंग काढलं, बघितलं, भिंग खिशात ठेवलं. कागदाची घडी घातली. टोपीकडे हात गेला. आणि तेवढ्यात भरमा कोसळला. पडला नाही, बोलायला लागला. बावीस वर्षांत मी त्याच्या तोंडून इतके शब्द एकदम ऐकले नव्हते. घागर सासऱ्यानं दिली नाही, बापानं गोकाकहून आणली नाही, रानात सापडली, बांध घालताना, बाप चोर नव्हता, मी चोर न्हाय, सजा भांड्याच्या वयावर असती म्हणून हरिभाऊंनी सांगितलं, दोन हजार वर्षाचं किती हुतंय तेवढं सांगा, मी जातो, पर हिला एकदा मिरजेला पोचवून मग जातो.

मेहेरहोमजींनी माझ्याकडे बघितलं. मास्तरांनी बघितलं. मी फरशीकडे बघितलं.

‘मी मस्करी केली, भरमा,’ मी म्हटलं. ‘अशी सजा नाही. नुसता अर्ज करायचा असतो कलेक्टरला. मला त्याच आठवड्यात कळलं होतं.’

भरमा माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

या सगळ्यात गुणाबाई चुलीपासून उठून आली होती, जमिनीला हात लावत. ‘काय गेलंय?’ तिनं विचारलं.

‘ठिपके, वहिनी,’ मास्तर म्हणाले. ‘गळ्यावरचे. ते कानसीनं काढले.’

तिनं चाचपत घागर जवळ ओढली. बाहेरून बोट फिरवलं, ‘व्हय की, गेलं,’ म्हणाली. मग नेहमीच्या सवयीनं हात घागरीच्या तोंडातून आत घातला. रोज घासताना घालायची तसा. मान थोडी वाकडी करून, समोर कुठंतरी बघत.

‘आत हायत की,’ ती म्हणाली.

‘काय आहे?’ मास्तरांनी विचारलं.

‘ठिपकं. बाहेरनं खड्डं हुतं, आतनं फोड हायत. मला तर आतलंच म्हाईत. राख अडकती त्यात, रोज नखानं काढाय लागती.’ तिची बोटं आतून सरकत होती. ‘दोन ओळी. वरची लांब, खालची आखूड. सगळं हाय. आण्णाप्पाची कानस आत कशी जाणार?’

मेहेरहोमजी पुन्हा गुडघ्यांवर बसले. कोटाची बाही वर सारली, हात आत घातला, आणि डोळे मिटले. मी त्यांचं तोंड बघत होतो. भरमा त्यांचं तोंड बघत होता. मग त्यांनी दुसऱ्या हातानं कागदाची घडी उघडली आणि पुटपुटत एकेक अक्षर लावून घ्यायला लागले, उलटी अक्षरं, आतून. मधे एकदा अडले. गुणाबाईनं त्यांचं मनगट धरून हात दोन बोटं पुढं सरकवला. ‘हितं बगा,’ म्हणाली. ‘हितं वरच्या ओळीत एक फोड मोठा हाय.’

‘बाई,’ पाहुणे म्हणाले, ‘तू माझ्या भिंगापेक्षा चांगली.’

भाव उतरला. उतरणारच, घागरीच्या गळ्यात सासरकडचं नाव पडलं होतं ना. पण मिरजेला पुरेल इतका राहिला. एक अट त्यांनी घातली, आणि ती माझ्याकडे बघून घातली. कलेक्टरला अर्ज आधी, घागर मागाहून. तो अर्ज मी लिहिला. कागद माझा, शाई माझी, आणि फी म्हणून पानसुद्धा मागितलं नाही. कुठं सापडली, कुणाला, कधी, सगळं खरं खरं. भरमानं अंगठा उठवला, आणि नीट उमटला नसला तर म्हणून शेजारी पुन्हा एकदा उठवला. मी ‘डावा अंगठा, दोन वेळा’ असं लिहून दिलं.

भाद्रपद संपत आला तरी उत्तर नाही. दसरा पंधरा दिवसांवर. गुणाबाईला आता जाळही धूर असल्यासारखा दिसायला लागला. मी कचेरीत दोनदा जाऊन आलो, एकदा शिरस्तेदारानं मला हाकललं. शेवटी एका सोमवारी कचेरीचा शिपाई उत्तर घेऊन आमच्या गल्लीत आला. खाकीत. भरमानं त्याला वळणावर बघितलं आणि मागच्या दारानं जो पळाला तो बेळगुंदीला! उत्तर मी घेतलं. सरकारला घागरीत रस नाही, अर्जदारानं ती ठेवावी वा विकावी, हरकत नाही, असं लिहिलं होतं. ते सांगायला मला टांगा करून बेळगुंदी गाठावी लागली. हा रानात, बापानं घातलेल्या त्या बांधाआड बसलेला. मी लांबूनच कागद हलवत ओरडलो, ‘सुटलास रे!’

‘मस्करी न्हाय न्हवं?’ त्यानं बांधाआडूनच विचारलं. तीनदा विचारलं.

मेहेरहोमजी पैसे देऊन घागर घेऊन गेले, आणि दसऱ्याच्या चार दिवस आधी दोघं मिरजेच्या गाडीत बसली. उजवा डोळा चांगला उघडला. डाव्याचं डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. किती दिवसांचा उशीर, ते मी विचारलं नाही. गुणाबाई जाड काचांचा चष्मा लावते आणि तीनकानी गेल्यापासून शाळेची कळशी घासते. आत हात घालून. आत काही लागत नाही म्हणून कुरकुरते.

भरमाची भीती गेली असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही भरमाला ओळखलं नाही. परत आल्यावर आठच दिवसांत तो माझ्या पडवीत आला. ‘हरिभाऊ, आता त्या घागरीवर माझं नाव हाय, गावबी हाय. कुठंबी काय निघालं तर सरळ बेळगुंदीलाच येत्याल की वो.’ मी आलेलं हसू गिळलं आणि त्याला तो सरकारी कागद पुन्हा वाचून दाखवला. तो त्यानं एका पत्र्याच्या डबीत घालून यल्लम्माच्या तसबिरीमागं ठेवला. मग तेरा वर्षं हा आमचा नेमच झाला. महिन्या दोन महिन्यांनी भरमा डबी घेऊन येणार, मी कागद वाचणार, तो जाणार. लढाईच्या दिवसांत सरकार भांडी गोळा करणार अशी आवई उठली तेव्हा तर आठवड्यातून दोनदा.

यंदा पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन होतं. भरमा आता म्हातारा, पण पाणी त्याचंच. नवं धोतर नेसून, कळशी खांद्यावर, शाळेला निघाला होता. माझ्या दारापाशी थांबला. कळशी खाली ठेवली. धोतराच्या सोग्यातून डबी काढली.

‘हरिभाऊ. हा कागद त्या सरकारचा.’

‘हो.’

‘ते तर गेलं.’

‘गेलं.’

‘मग नवं सरकार हे मानंल काय?’

सांगतो तुम्हाला, माझ्या जिभेवर एकाहून एक अशी तीन उत्तरं आली. इतक्या वर्षांत असा चेंडू कुणी मला टाकला नव्हता. रस्त्यानं पोरं झेंडे घेऊन पळत होती, शेजारच्या दारात गुणाबाई चष्मा पुसत उभी होती आणि एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होती.

मी डबी उघडली. कागद घड्यांवर फाटायला आला होता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत सगळा सावकाश वाचला.

‘मानेल, भरमा,’ मी म्हटलं. ‘कोण येत नाही.’

‘मस्करी न्हाय न्हवं?’

‘नाही.’

त्यानं डबी परत सोग्यात खोचली, कळशी खांद्यावर घेतली आणि शाळेकडे गेला. पोलीस चौकीवरून नव्हे. बाजाराकडून, वळसा घालून.